टाकीतली हवा कुठून जाते? होडीत इंधन भरताना सांडलवंड टाळण्याची रीत

रस्त्यावरच्या पंपावर दुचाकीत पेट्रोल भरताना चार थेंब ओघळले तर ते फरशीवर पडतात आणि मिनिटभरात उडून जातात. होडीत सांडलेल्या इंधनाला जायला दोनच जागा असतात. बाहेर पडलं तर पाणी, आत पडलं तर होडीचा तळ. पाण्यात गेलेलं एक लिटर डिझेल एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतक्या जाडीचा तवंग होऊन पसरलं तर हजार चौरस मीटर पाणी झाकतं. कबड्डीची साडेसात मैदानं भरतील एवढं. खाडीच्या तोंडाशी जिथे कालवं, तिसऱ्या, शिनाणे असतात तिथे हा तवंग ओहोटीबरोबर खाली उतरून खडकांवर आणि चिखलावर बसतो. आत सांडलेलं पेट्रोल तर त्याहून वाईट. त्याची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी सखल भागाकडे वाहते. आणि होडी म्हणजे शेवटी एक मोठी कढईच.

सांडलं की हात हलला म्हणून सांडलं, असं म्हणून आपण मोकळे होतो. बहुतेक वेळा हाताचा दोष नसतोच. टाकीत जागा किती शिल्लक होती हे ठाऊक नसतं, किंवा टाकीतली हवा ज्या वाटेने बाहेर पडायची ती वाट अडलेली असते. या दोन्ही गोष्टी नोझल हातात घेण्याआधीच ठरलेल्या असतात. म्हणून इथे भरण्याइतकीच जागा तयारीलाही दिली आहे. डोळ्यांसमोर कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरचे दोन नेहमीचे प्रकार आहेत. एक, आउटबोर्ड इंजिनाची, म्हणजे मागच्या बाजूला बाहेर लावलेल्या इंजिनाची फायबरची छोटी होडी, जिची पेट्रोलची टाकी सुटी असते. दुसरा, आत इंजिन असलेली मासेमारी बोट, जिची डिझेलची टाकी बोटीतच पक्की बसवलेली असते.

एक लिटर आत, एक लिटर बाहेर

रिकामी टाकी कधीच रिकामी नसते. ती हवेने आणि वाफेने भरलेली असते. तुम्ही बावीस लिटर इंधन आत घातलंत की बावीस लिटर हवा बाहेर यायलाच हवी. सुट्या टाकीत ती भरायच्या तोंडातूनच परत येते. बसवलेल्या टाकीला त्यासाठी वेगळी नळी असते, तिला व्हेंट म्हणतात. भरायचा पाइप साधारण ३८ मिलिमीटर व्यासाचा, तर व्हेंटची नळी अवघी १६ मिलिमीटरच्या आसपास. टाकी अर्धी होईपर्यंत हा फरक जाणवत नाही. टाकी भरत आली, वर फेस आला किंवा व्हेंट थोडी जरी तुंबलेली असली की हवेला वाट पुरत नाही. मग ती भरायच्या पाइपातून उलटी येते आणि येताना इंधन घेऊन उसळते. भरणाऱ्याच्या छातीवर डिझेल उडतं ते असं.

दुसरी गोम व्हेंटचं तोंड कुठे आहे यात असते. पुष्कळ बोटींत भरायचं झाकण डेकवर असतं आणि व्हेंटचं तोंड बाहेर, बोटीच्या बाजूला, झाकणापेक्षा खालच्या पातळीवर. अशा बोटीत इंधन भरायच्या तोंडापर्यंत चढण्याआधीच व्हेंटमधून समुद्रात वाहू लागतं. भरणारा झाकणाकडे बघत उभा असतो आणि त्याला काहीच दिसत नाही.

नोझल आपोआप बंद होतं ना? होतं, पण ते कसं होतं हे कळलं की त्यावर किती विसंबायचं हेही कळतं. नोझलच्या टोकाजवळ एक बारीक भोक असतं. इंधन वाहत असताना त्या भोकातून हवा आत ओढली जाते. टाकीतलं इंधन चढून ते भोक बुडालं की हवा येणं थांबतं, आतला दाब बदलतो, खटका पडतो आणि झडप मिटते. ही रचना गाडीच्या टाकीसाठी आहे. होडीत ती तीन प्रकारे फसते. धार अगदी बारीक ठेवली तर हवा ओढण्याइतका जोर नसतो आणि खटका पडतच नाही. नोझल आडवं धरलं तर भोक इंधनाच्या वरच राहतं. आणि व्हेंट खाली असेल तर इंधन भोकापर्यंत पोचतच नाही, त्याआधीच बाहेर जातं. उलट, डिझेलला फेस आला की खटका लवकर पडतो. मग पंपावरचा माणूस ‘अजून थोडं बसेल’ म्हणत पुन्हा पुन्हा दाबतो, आणि सांडतं ते त्या ‘अजून थोडं’मध्ये. नोझलमधून मिनिटाला ४० लिटर येत असतील तर तीन सेकंदांच्या बेसावधपणात दोन लिटर बाहेर जातात. म्हणून होडीत खटका हा शेवटचा रखवालदार समजावा. भरणाऱ्याचं काम त्याच्यावर सोपवू नये. नोझलचा दांडा अडकवून ठेवणारी कडी असेल तर ती वापरू नये, आणि दांड्यात झाकण किंवा लाकडाचा तुकडा खोचून ठेवणं तर मुळीच नको.

किती बसेल ते आधी मोजा

टाकी काठोकाठ भरायची नाही. इंधन उन्हात फुगतं. एक लिटर पेट्रोल दर अंश सेल्सिअसला साधारण ०.९५ मिलिलिटरने वाढतं, डिझेल ०.८३ मिलिलिटरने. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून गार पेट्रोल २४ लिटरच्या टाकीत काठोकाठ घेतलंत आणि होडीत ते १५ अंशांनी तापलं तर ३४० मिलिलिटर, म्हणजे मोठे दोन कप पेट्रोल बाहेर यायला बघणार. पाचशे लिटर डिझेल दहाच अंशांनी तापलं तरी चार लिटर वाढतं. शिवाय बोट डोलते, माणसं आणि बर्फ चढला की एका अंगाला कलते. या सगळ्यासाठी साधारण दहा टक्के जागा मोकळी सोडावी. २४ लिटरच्या टाकीत २२ लिटर, पाचशेच्या टाकीत साडेचारशे.

बोटीतलं गेज या कामाला फारसं उपयोगी नाही. लाटेवर त्याचा काटा नाचतो आणि आतला तरंगता गोळा अडकला की तो तासन्‌तास एकच आकडा दाखवतो. त्यापेक्षा बांबूची किंवा सागाची सरळ पट्टी बनवून घ्यावी. टाकी पूर्ण रिकामी असेल तेव्हा, बोट सपाट असताना, दर २० लिटरला थांबून पट्टी बुडवायची आणि ओल्या रेषेवर चाकूने खाच पाडायची. शाईची किंवा मार्करची खूण नको, डिझेलमध्ये ती दोन फेऱ्यांत पुसून जाते. नव्वद टक्क्यांची खाच ठळक, दोन रेघांची पाडावी. एकदा ही पट्टी झाली की दर वेळी भरण्याआधी बुडवून बघायचं, वजाबाकी करायची आणि पंपवाल्याला आकडा सांगायचा: ‘दोनशे ऐंशी टाक.’ ‘फुल कर’ हा शब्द बोटीवर वापरायचाच नाही.

मोजताना बोट सपाट हवी. ओहोटीला वाळूवर किंवा चिखलात बसलेली बोट एका कुशीवर कललेली असते. तेव्हा पट्टी खोटं बोलते आणि इंधन टाकीच्या एका कोपऱ्यात साचतं. अशा स्थितीत टाकी ‘भरली’ असं वाटलं तरी वरच्या कोपऱ्यात हवा अडकून असते. किंवा उलट, व्हेंटचा कोपरा खाली असेल तर अर्ध्या टाकीलाच गळती सुरू होते. भरतीला बोट तरंगून सरळ झाली की आतलं इंधन जागा बदलतं आणि कोणी जवळ नसताना व्हेंटमधून ठिबकत राहतं. कललेल्या बोटीत इंधन भरू नये. घाईच असेल तर ठरलेल्या आकड्याच्या निम्मंच घ्यावं.

सुटी टाकी: होडी पाण्यात, टाकी जमिनीवर

आउटबोर्डच्या टाकीबाबत एवढा एकच नियम पाळला तरी बरंच साधतं: टाकी होडीत असताना तिच्यात पेट्रोल ओतायचं नाही. २२ लिटर पेट्रोलचं वजन साडेसोळा किलोच्या आसपास, टाकीसकट वीसएक किलो. दोघांनी सहज उचलता येतं.

इंजिन बंद करा आणि थोडं निवू द्या. इंधनाचा पाइप इंजिनाकडून आणि टाकीकडून, दोन्हीकडून सोडवा. जोडणीखाली फडकं धरा, कारण जोडणीत चमचाभर पेट्रोल असतंच. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू घट्ट करा, मग टाकी उचला. किनाऱ्यावर किंवा धक्क्यावर सपाट, मोकळ्या जागी ती थेट जमिनीवर ठेवा. टेम्पोच्या हौद्यात, प्लास्टिकच्या ताडपत्रीवर किंवा लाकडी फळीवर ठेवून भरू नका. वाहत्या पेट्रोलमुळे स्थिर वीज साठते, जमिनीवर टेकलेल्या टाकीतून तिला उतरायला वाट मिळते. पंपावर थेट भरत असाल तर नोझलचं टोक टाकीच्या तोंडाला टेकलेलं ठेवा. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेटू शकते, म्हणजे आपल्याकडे ती बाराही महिने पेटायला तयार असते. विडी, स्टोव्ह, चालू जनरेटर यांपैकी काही जवळ नको.

उन्हात तापलेली टाकी फुगलेली असते. आधी हवेचा स्क्रू हळूहळू सोडा आणि फुस्स आवाज थांबेपर्यंत थांबा. त्यानंतरच झाकण फिरवा, तेही वर फडकं धरून. घाईने झाकण उघडलं तर पेट्रोलचा फवारा तोंडावर येतो.

मिश्रण करायचं असलेलं टू-स्ट्रोक इंजिन असेल तर तेल आधी मोजून ठेवा. पन्नासास एक प्रमाण असेल तर लिटरला २० मिलिलिटर, म्हणजे २२ लिटरला ४४० मिलिलिटर. नव्या इंजिनाच्या सुरुवातीच्या तासांसाठी पुस्तिकेत बहुधा दुप्पट तेल सांगितलेलं असतं, ते बघून घ्या. आधी थोडं पेट्रोल, मग सगळं तेल, मग उरलेलं पेट्रोल, अशा क्रमाने घातलं तर वेगळं ढवळावं लागत नाही. तेल शेवटी घालायचं ठेवलं तर टाकीत त्याला जागाच उरत नाही, आणि मग झाकणापाशी ओघळ ठरलेला.

कॅनमधून ओतायचं असेल तर नरसाळं मोठ्या तोंडाचं आणि जाळीचं घ्या. नरसाळं टाकीच्या तोंडात घट्ट बसलं की हवेला वाट राहत नाही, पेट्रोल नरसाळ्यात तुंबतं आणि काठावरून उतू जातं. नरसाळं आणि तोंड यांच्या मध्ये एक काडी अडकवा. एवढ्या फटीने काम भागतं. रॉकेलच्या दिवसांपासूनची ही युक्ती आजही तितकीच चालते.

कॅन कसा धरायचा, हे मात्र बहुतेकांना उलटं शिकवलेलं असतं. कॅनचं तोंड मध्यावर नसतं, एका कडेला असतं. आपण सहज ते तोंड खालच्या बाजूला येईल असा कॅन कलवतो. तोंड पेट्रोलने भरून जातं, हवा आत शिरायला धडपडते, गुडगुड आवाज येतो आणि दर गुडगुडीला पेट्रोल उसळतं. कॅन असा धरा की तोंडाची कड वरच्या बाजूला राहील. आता पेट्रोल तोंडाच्या खालच्या अर्ध्या भागातून वाहतं आणि वरच्या अर्ध्या भागातून हवा आत जाते; धार अखंड राहते. कॅनला हवेचं वेगळं बूच असेल तर ते उघडा. नवा कॅन घेताना हे बूच आहे का ते आधी बघा.

घागर भरत आली की आवाज बारीक होत जातो, तसाच टाकीचाही होतो. तो बदलला की धार बारीक करा. २२ लिटर झाले की थांबा, उरलेलं कॅनमध्येच राहू द्या. नरसाळं लगेच काढू नका, दहा सेकंद ठिबकू द्या. मग झाकण, मग स्क्रू घट्ट, मग टाकी कोरड्या फडक्याने पुसून होडीत. आत ती सावलीत, पट्ट्याने बांधून ठेवा. पाइप जोडा, हवेचा स्क्रू उघडा, पाइपात बसवलेला रबरी फुगा त्यावरचा बाण इंजिनाकडे ठेवून कडक होईपर्यंत दाबा आणि मग थांबा. कडक झाल्यावरही दाबत राहिलात तर कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ओसंडून इंजिनाखाली पाण्यात जातं. फुगा कडकच होत नसेल तर पाइपात कुठेतरी गळती आहे किंवा हवा शिरते आहे. इंजिन सुरू करण्याआधी ती शोधा. दोन मिनिटं सगळ्या जोडण्यांवर नजर ठेवून मगच निघा.

समुद्रात पेट्रोल संपलं तर काय? हलत्या होडीत कॅन ओतायची वेळच येऊ देऊ नका. दोन टाक्या ठेवा आणि पाइप एकीवरून काढून दुसरीला लावा. दुसऱ्या टाकीचा खर्च होतो हे खरं, पण लाटेवर नरसाळं धरून उभं राहण्यापेक्षा तो खर्च स्वस्त पडतो.

होडी किनाऱ्याला लावल्यावर पाइप टाकीला जोडलेला आणि हवेचा स्क्रू घट्ट बंद ठेवून जाणं, ही आणखी एक चूक. उन्हाने टाकीत दाब वाढतो आणि तो पेट्रोल पाइपातून इंजिनात ढकलतो. इंजिन वर उचलून ठेवलं असेल तर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सरळ पाण्यात. नांगर टाकून झाल्यावर, इंजिन अजून पाण्यात असतानाच, पाइप काढून ते आपोआप बंद पडेपर्यंत न्यूट्रलमध्ये चालवा. कार्ब्युरेटर रिकामा होतो. हे लाटा फुटतात तिथे मात्र करू नका, तिथे इंजिन बंद पडणं परवडत नाही.

धक्क्यावर डिझेल: दोन माणसं, दोन जागा

डिझेल पेट्रोलइतकं भडकू नसलं तरी ते उडून जात नाही. पाण्यावर, डेकवर, लाकडात ते रेंगाळतं. मासळीच्या पेटीला किंवा बर्फाला त्याचा वास लागला की घेणारा तो माल नाकारतो. त्यामुळे इथे काळजी नुसत्या पाण्याची नाही, विक्रीचीही आहे.

बोट घट्ट बांधा. मुंबईला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, म्हणजे तासाभराच्या भरण्यातही डेकची उंची बदलते. होज, म्हणजे पंपाचा लवचीक पाइप, ताणला जाणार नाही आणि बोट व धक्क्यावरच्या टायरमध्ये चिरडलाही जाणार नाही इतका सैल हवा. बोटींना बोटी लागलेल्या असतील आणि होज दुसऱ्याच्या डेकवरून न्यायचा असेल तर नोझल तोंड वर करून, खाली डबा धरून न्या.

नोझल आत घालण्याआधी चार कामं असतात. इंजिन आणि चूल बंद. तळातलं पाणी उपसणारा पंप आपोआप चालणारा असेल तर त्याचा स्विच बंद. नाहीतर आत गळलेलं डिझेल तो इमानेइतबारे समुद्रात फेकत राहील. मासळीच्या आणि बर्फाच्या कप्प्यांची झाकणं बंद. आणि डेकवरचं पाणी बाहेर जायची जी भोकं असतात ती फडकं गुंडाळलेल्या लाकडी मेखांनी ठोकून बंद. या शेवटच्या कामाला लागतात दोन मिनिटं, पण डेकवर पाच लिटर सांडले तरी ते डेकवरच राहतात आणि पुसून घेता येतात. मेखा किती मारल्या ते मोजून ठेवा. भरून झाल्यावर तितक्याच निघाल्या पाहिजेत, नाहीतर समुद्रात डेकवर आलेलं पाणी उतरणार नाही.

भरायच्या तोंडाभोवती फडक्याचा जाड गळपट्टा गुंडाळा. तोंड उभ्या पाइपाचं असेल तर खाली जुनी परात ठेवा. व्हेंटखाली पाच लिटरचा कॅन दोरीने लटकवा, पण व्हेंटचं तोंड कशानेही बंद करू नका. झाकण उघडण्याआधी ते डिझेलचंच आहे ना ते बघा. पाण्याच्या टाकीचं झाकण शेजारीच आणि सारखंच असतं, आणि पिण्याच्या पाण्यात डिझेल गेलं की ती टाकी धुऊनही महिनाभर वास सोडत नाही. दोन्ही झाकणांना वेगळे रंग द्या.

आता दोन माणसं. एक नोझलवर, दुसरा व्हेंटपाशी. धक्का उंच असेल आणि पंपाचा माणूस दिसत नसेल तर मध्ये तिसरा. ‘बस’ म्हणजे लगेच बंद, याचा दुसरा काही अर्थ नाही, हे तिघांनी आधी ठरवून घ्यावं. सुरुवात बारीक धारेने. व्हेंटपाशी हात धरणाऱ्याला हवेची झुळूक लागली की वाट मोकळी आहे असं समजा आणि धार वाढवा. झुळूक लागत नसेल तर तिथेच थांबा. अर्धी टाकी झाली की पुन्हा पट्टी. शेवटचे वीस लिटर पुन्हा बारीक धारेने. व्हेंटमधून हवेबरोबर बारीक शिंतोडे किंवा फेस यायला लागला तर तुमचा आकडा पूर्ण झालेला नसला तरी भरणं संपलं.

नोझल काढताना तोंड वर. होजमध्ये किती डिझेल असतं याचा अंदाज बहुतेकांना नसतो. आतून २५ मिलिमीटरच्या होजमध्ये मीटरला जवळपास अर्धा लिटर मावतं, दहा मीटरला पाच लिटर. नोझलची झडप चांगली असेल तर ते आत राहतं. टँकरवरून नोझल नसलेला ५० मिलिमीटरचा उघडा पाइप येतो तेव्हा मात्र मीटरला दोन लिटर असतात आणि वरचा कॉक बंद केल्यावर ते सगळे खाली येतात. म्हणून टँकरवरून घेताना पाइपभर डिझेल आधीच हिशेबात धरून तितकं आधी कॉक बंद करायला सांगा, आणि पाइप धक्क्याकडून वर उचलत उचलत रिकामा करून घ्या.

पिंपातून भरायचं असेल तर फिरवायचा हातपंप सगळ्यात बरा. तो थांबवला की धारही थांबते. नळी लावून सोडायचं असेल तर तोंडाने ओढू नका. घोटभर डिझेल श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला सूज येते, आणि ते पोटात गेल्यापेक्षा जास्त घातक. दाबायचा फुगा असलेली नळी मिळते, ती वापरा. बंद करताना टाकीकडचं टोक आधी काढलं तर नळीतलं सगळं डेकवर येतं. आधी पिंपातलं टोक वर काढा, नळीतलं डिझेल टाकीत उतरू द्या, मग दुसरं टोक.

हंगामाआधीची तपासणी

पावसाळ्यात बोटी वर ओढलेल्या असतात तेव्हा कुंभारमाशी व्हेंटच्या तोंडात मातीचं घर बांधते. बाहेरून तोंड ठीक दिसतं, आत बूच बसलेलं असतं. व्हेंटच्या जाळीवर मीठही साचतं. पहिल्यांदा इंधन घेण्याआधी जाळी काढून गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, आणि नळी टाकीकडून सोडवून फुंकून बघा. नळी मध्येच झोळ खाऊन लोंबत असेल तर त्या झोळात डिझेल किंवा पाणी साचतं आणि व्हेंट असून नसल्यासारखी होते. ती टाकीपासून तोंडापर्यंत सतत चढती बांधून घ्या.

झाकणाचं रबरी वायसर चिरलं असेल तर बदला. भरायचा पाइप टाकीला जिथे लागतो तिथले क्लिप गंजतात. ही गळती फक्त भरतानाच होते, एरवी पाइप रिकामा असतो, म्हणून ती वर्षभर सापडत नाही. टाकी भरताना तळात डोकावणारा माणूस ठेवला तरच दिसते.

पेट्रोलवाल्यांसाठी आणखी एक. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या रबराच्या नळ्या आणि फुगे त्याने मऊ पडतात, फुगतात किंवा चिरतात. नळी वाकवून बघा. वाकलेल्या ठिकाणी बारीक भेगा दिसल्या किंवा हाताला काळं लागलं तर ती गेली. नवी घेताना इथेनॉल चालणारी मागा. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, त्यामुळे महिनोन्‌महिने अर्धी टाकी भरून ठेवू नका.

सांडलंच तर

आधी धार बंद, मग बाकीचं.

पेट्रोल होडीत सांडलं असेल तर काहीही सुरू करू नका: इंजिन, पंप, दिवा, बॅटरीचा स्विच, काहीच नाही. माणसं उतरवा. टाकी बंद करून बाहेर काढा. फडक्यांनी टिपून घ्या, झाकणं आणि कप्पे उघडून वारा खेळू द्या, आणि तळाशी वाकून वास जाईपर्यंत थांबा. बंदिस्त इंजिनखोली असलेल्या बोटीत पंखा असेल तर तो स्पार्क न उडवणारा, बोटीसाठीचाच आहे याची खात्री असेल तरच लावा, आणि वास गेल्यावरही इंजिनाआधी चार-पाच मिनिटं चालू ठेवा. पाण्यावर पडलेलं पेट्रोल गोळा करत बसू नका. ते लवकर उडतं. तोवर आजूबाजूच्या होड्यांना इंजिन आणि विडीपासून लांब राहायला सांगा.

डिझेलचं उलट आहे. ते गोळा करावं लागतं, आणि पसरण्याआधी. तेल शोषणारे पांढरे पॅड मिळतात. ते पाणी पीत नाहीत, फक्त तेल पितात आणि तरंगतात. असे दहा पॅड बोटीवर ठेवा. सुती फडकी आणि लाकडाचा भुसा डेकवर चालतो, पाण्यावर नाही, कारण ते पाणी पिऊन बुडतात आणि तेल तळाशी नेतात. वारा ज्या बाजूला नेतो तिथे, बोट आणि धक्का यांच्या कोपऱ्यात, पॅड टाका. तवंग आपोआप तिकडे येतो.

भांड्यांचा साबण किंवा धुण्याची पावडर टाकू नका. तवंग दिसेनासा होतो म्हणून लोक टाकतात. तो जात नाही, बारीक थेंब होऊन पाण्यात खोल मिसळतो. तिथे मासळीची अंडी आणि पिल्लं असतात, आणि मग ते तेल परत काढता येत नाही. डेकही डिझेल पूर्ण टिपून झाल्यावरच धुवा. त्याआधी बादलीभर पाणी ओतणं म्हणजे सांडलेलं समुद्रात ढकलणंच.

पॅडांनी आवरत नसेल तर बंदर कार्यालयाला लगेच सांगा. भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक किनाऱ्यावर कुठूनही लागतो. किती लिटर, कोणतं इंधन, वारा आणि ओहोटी कुठल्या दिशेला, ही तीन उत्तरं तयार ठेवून फोन करा.

अंगावर उडालं असेल तर कपडे आधी बदला आणि त्वचा साबणाने धुवा. ओल्या कपड्यांनी चुलीजवळ जाऊ नका. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं गोड्या पाण्याने. पोटात गेलं तर उलटी काढायला लावू नका, थेट दवाखान्यात न्या. भिजलेली फडकी आणि पॅड घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून बंदरातल्या टाकाऊ तेलाच्या पिंपापाशी द्या. ती फडकी इंजिनखोलीच्या कोपऱ्यात टाकून ठेवली तर पुढच्या वेळी डिझेलचा वास आला की नवी गळती कुठे आहे ते शोधता येणार नाही.